घरी बांधलेल्या ॲन्टेनासाठी उन्हापावसात टिकणारं प्लास्टिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात गच्चीवर ॲन्टेना बांधायला लागून मला बरीच वर्षं झाली. लोक येतात ते तारेची लांबी विचारायला, नळी किती जाडीची घेऊ हे विचारायला. निघताना उंबऱ्यात उभं राहून म्हणतात, "आणि हां, मध्ये प्लास्टिक कुठलं घालू?" माझ्या पाहण्यात घरगुती ॲन्टेना बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. ॲल्युमिनिअमच्या नळीला वर्षानुवर्षं काही होत नाही. तिला धरून ठेवणारा तुकडा मात्र दुसऱ्या मे महिन्यात तडकतो. म्हणून या प्रश्नांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत.

मुळात आता टीव्हीचा ॲन्टेना बांधून उपयोग आहे का?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं मोजकी ठिकाणं सोडून २०२२ पर्यंत बंद झाली. अजिंक्यताऱ्यावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून चित्र मिळवण्याचे दिवस गेले. डिजिटल प्रक्षेपण २०१६ साली देशातल्या १६ शहरांत सुरू झालं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होती. त्यासाठी टीव्हीत किंवा वेगळ्या डब्यात डीव्हीबी-टी२ ट्यूनर, म्हणजे हे डिजिटल प्रक्षेपण पकडणारा भाग, लागतो. म्हणून साहित्य घेण्याआधी तुमच्या टप्प्यात चालू प्रक्षेपण आहे का, हे नक्की करा. खिशातले पैसे त्याच्या आधी बाहेर काढू नका.

तरी हे प्रश्न मला दर आठवड्याला येतात. आपल्याकडच्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी मुंबईत किंवा नवी मुंबईत असतंच, आणि गावी बांधलेला ॲन्टेना तिकडच्या खोलीवर जातो. काही जण एफएमसाठी बांधतात. सातारा आकाशवाणी १०३.१ मेगाहर्ट्झवर आहे, त्याचा अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (मधोमध वायर जोडलेला साधा सरळ ॲन्टेना) साधारण १ मीटर ३९ सेंटिमीटरचा होतो. काही हॅम मंडळी, म्हणजे हौसेने रेडिओवरून संपर्क साधणारे, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर काम करतात. तारेचं माप बदलतं, पण प्लास्टिकचा विचार सगळीकडे तोच राहतो.

प्लास्टिकला जास्त त्रास कशाचा, उन्हाचा की पावसाचा?

उन्हाचा. लोक पावसाला घाबरतात, कारण पाऊस दिसतो. बहुतेक प्लास्टिक पाण्यात वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी त्याला काही होत नाही. उन्हातली अतिनील किरणं मात्र त्याच्या लांब साखळ्या तोडत जातात. आधी चकाकी जाते, मग पृष्ठभागावर खडूसारखी पूड येते, मग बारीक भेगा पडतात, आणि एखाद्या दिवशी वळवाच्या वाऱ्यात तुकडा हातात येतो.

हे समजायला प्रयोगशाळा नको. तासगावच्या कुठल्याही द्राक्षबागेत जा. ठिबकची काळी नळी कित्येक हंगाम उन्हात पडलेली असते आणि तरी वाकवली तर वाकते. शेजारी बांधावर खताचं पांढरं पोतं वर्षभर उन्हात राहिलं असेल तर हात लावताच त्याचा भुगा होतो. पोतं पॉलिप्रॉपिलीनचं आणि नळी पॉलिथिनची, म्हणजे दोन्ही एकाच घराण्यातली. फरक पडला तो मुख्यतः नळीत मिसळलेल्या काजळीमुळे. काजळी किरणं स्वतः शोषून घेते, आतल्या साखळ्यांपर्यंत पोहोचू देत नाही. पांढऱ्या आणि राखाडी पीव्हीसीत हेच काम टायटॅनियम डायऑक्साइड नावाचा पांढरा रंग करतो. म्हणून प्लास्टिक निवडताना नावाइतकंच महत्त्व त्यात काय मिसळलं आहे याला आहे.

जागेचाही फरक पडतो. जत, आटपाडी, माण, खटाव या भागात पाऊस कमी आणि ऊन भरपूर, तिथे किरणं आणि उष्णता यांचा विचार आधी करा. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे चार महिने सगळं ओलं असतं, शेवाळ चढतं, धुक्यात प्रत्येक जोडावर पाण्याचा थर राहतो. तिथे पाणी न पिणारं प्लास्टिक आणि नीट झाकलेला जोड हवा. पण महाबळेश्वरलाही ऊन कमी समजू नका. उंची वाढते तशी अतिनील किरणं तीव्र होतात, आणि पावसाळा संपल्यावर तिथलं आकाश आठ महिने स्वच्छ असतं.

ॲन्टेनात सगळीकडे सारखंच भारी प्लास्टिक वापरायला हवं का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा, कारण पैसे इथेच वाचतात आणि इथेच वाया जातात.

अर्ध्या तरंगलांबीच्या कांडीत, म्हणजे लहरी पकडणाऱ्या नळीत किंवा तारेत, विद्युतदाब सगळीकडे सारखा नसतो. तो दोन्ही टोकांना सर्वांत जास्त असतो आणि मध्यभागी जवळपास शून्य. जिथे दाब जास्त तिथे टेकलेलं प्लास्टिक लहरींवर परिणाम करतं. जिथे दाब नाही तिथे काय टेकलं आहे याला फार महत्त्व नाही. यागी ॲन्टेनाच्या (एका दांड्यावर ओळीने आडव्या कांड्या असतात तो) कांड्या आपण मध्यभागी धरतो, म्हणून तिथला तुकडा साध्या पीव्हीसीचा असला तरी चालतो. तिथे फक्त ताकद आणि ऊन सोसण्याची तयारी पाहा.

फुलपाखराच्या आकाराचे, व्ही मिशा असलेले ॲन्टेना वेगळे. त्यांच्या मिशांची जोडी जवळपास पूर्ण तरंगलांबीची असते, म्हणून वायर जोडतो त्या मधल्या जागीच दाब जास्त असतो. दोन जोड्यांना जोडणाऱ्या समांतर तारा एकमेकींना ओलांडतात तिथेही तसंच. या जागी चांगलं प्लास्टिक घाला. तुकडा अगदी लहान लागतो, तिथे काटकसर नको.

तिसरी जागा म्हणजे कांडीचं टोक. टोकावर पाणी जाऊ नये म्हणून बूच लावतात, किंवा तार ताणायला टोकाशी दोरी बांधतात. टोक संवेदनशील असतं. बूच पातळ आणि हलकं ठेवा, दोरी ओली राहणारी नको.

आणखी एक गोष्ट. प्लास्टिकचा लहरींवर किती परिणाम होतो हे सांगणारा एक आकडा असतो, त्याला परावैद्युतांक म्हणतात. हवेचा १, टेफ्लॉनचा २.१, पॉलिथिनचा २.३, पीव्हीसीचा ३ च्या आसपास. आणि पाण्याचा? ८० च्या घरात. म्हणजे जोडणीच्या दोन स्क्रूंमध्ये साचलेला पाण्याचा एक थेंब पीव्हीसी की टेफ्लॉन हा सगळा वाद पुसून टाकतो. महागाचं प्लास्टिक आणून जोडणी उघडी ठेवणाऱ्यापेक्षा साध्या प्लास्टिकवर जोडणी झाकणारी डबी नीट बसवणाऱ्याला पावसाळ्यात चांगला सिग्नल मिळतो. हे मी दरवर्षी जूनमध्ये पाहतो.

नळाचा पीव्हीसी पाईप चालेल का? दुकानात तर पाचसहा प्रकार दिसतात.

चालतो. मी सर्वांत जास्त तोच वापरतो. टी, एल्बो, बूच सगळं गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, आरीने कापता येतं, सॉल्व्हंटने पक्कं चिकटतं. पण दुकानदाराला नुसतं "पीव्हीसी द्या" म्हणू नका.

पाण्याच्या लाइनचा राखाडी पाईप घ्या, ज्याच्यावर आयएस ४९८५ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. तो भिंतीला जाड आणि दर्जाला खात्रीचा असतो. सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या लाइनचा पाईप, आयएस १३५९२ वाला, तोही चालतो. पण तो मोठ्या व्यासाचा असतो, म्हणून जोडणीची डबी करायला बरा आणि आडव्या दांड्याला जड.

वायरिंगचा पाईप सोडून द्या. तो स्वस्त आणि हलका म्हणून लोक आधी तोच उचलतात. पण तो भिंतीत गाडण्यासाठी किंवा आतल्या भिंतीवर लावण्यासाठी असतो, उन्हात ठेवण्यासाठी नाही. माझ्या पहिल्या ॲन्टेनाचा आडवा दांडा मी याच पाईपचा केला होता. दोन उन्हाळ्यांत तो पिवळसर पडला, मधोमध धनुष्यासारखा वाकला आणि एक दिवस माकड बसलं त्याचं निमित्त होऊन मोडला. माकडाला दोष देण्यात अर्थ नव्हता, नवा पाईप असता तर त्याने ते वजन सहज पेललं असतं.

गरम पाण्याचा क्रीम रंगाचा सीपीव्हीसी पाईप उष्णतेला जास्त दणकट असतो. जत, कवठेमहांकाळसारख्या भागात पत्र्याच्या छपरावर ॲन्टेना असेल तर तो घ्यायला हरकत नाही. मात्र उन्हासाठी त्याला रंग लावावाच लागतो, आणि त्याचा सॉल्व्हंट वेगळा असतो, तोच घ्या.

पीव्हीसी उन्हात वाकतो, हे खरं का?

खरं आहे. साधा पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ होतो, पण वजन असेल तर ६० अंशांपासूनच हळूहळू झुकायला लागतो. मे महिन्यात सावलीत ४० अंश असताना पत्र्यावरचा गडद पाईप साठीपर्यंत सहज जातो. म्हणून तीन गोष्टी करा: आडवा दांडा मीटरभरापेक्षा लांब असेल तर मधे आधार द्या, रंग फिका ठेवा, आणि पाईप तापलेल्या पत्र्यापासून उंच ठेवा. लांब दांड्यात मी आतून ॲल्युमिनिअमची नळी घालतो. यागीत ती कांड्यांच्या मध्यातून जाते म्हणून चालते, मात्र कांड्यांच्या लांबीत थोडी दुरुस्ती लागते. फुलपाखराच्या ॲन्टेनात मिशांजवळ असं धातू घालू नका.

वाढही लक्षात घ्या. ३ मीटरचा पीव्हीसी पाईप पहाट ते दुपार ४० अंशांच्या फरकात जवळपास ८ मिलिमीटर वाढतो. पाईपच्या दोन्ही टोकांना तार ताठ बांधली असेल तर ती रोज ओढली जाते आणि सोडली जाते. एका टोकाला तार घट्ट करा, दुसऱ्या टोकाला थोडी सैल.

तार पाईपच्या आतच घातली तर? पाऊसही लागणार नाही.

कल्पना चांगली आहे, एफएमच्या डायपोलला मी हेच सुचवतो. पण प्लास्टिकने वेढलेली तार लहरींना थोडी लांब वाटते, म्हणजे ॲन्टेना ठरलेल्या वारंवारितेपेक्षा खाली बसतो. तारेवर स्वतःचं आवरण असेल तर अजून खाली. हिशेबाने आलेल्या लांबीला तार कापा, पाईपमध्ये घाला, सिग्नल पाहा, मग दोन्ही टोकांकडून सारखी, पाचपाच मिलिमीटर कमी करत जा. आणि पाईपच्या सर्वांत खालच्या जागी एक बारीक छिद्र ठेवा. कितीही बुचं लावली तरी आत दव जमतंच, त्याला बाहेर पडायला वाट हवी.

काळा एचडीपीई पाईप किंवा ठिबकची नळी वापरू का?

उन्हासाठी याच्याइतकं स्वस्त आणि चिवट दुसरं काही नाही. पाण्याच्या काळ्या एचडीपीई (दाट पॉलिथिनच्या) पाईपात अडीच टक्क्यांच्या आसपास काजळी असते, तेवढ्याने तो वीजवाहक होत नाही. लहरी वाया घालवण्याच्या बाबतीतही पॉलिथिन पीव्हीसीपेक्षा कितीतरी चांगलं.

अडचण दुसरीच आहे. ते मऊ असतं. स्क्रू घट्ट करा, महिन्याने तो सैल झालेला असतो, कारण प्लास्टिक दाबाखाली हळूहळू सरकतं. शिवाय त्याला काहीच चिकटत नाही, ना सॉल्व्हंट, ना एम-सील, ना रंग. म्हणून एचडीपीई आरपार बोल्ट, मोठे वॉशर आणि दोन नट लावून धरायचं. शेतात उरलेल्या जाड काळ्या पाईपचा उभा काप घेऊन तो गरम पाण्यात मऊ करा आणि दोन फळ्यांत दाबून थंड करा. झकास सपाट पट्टी मिळते. ठिबकच्या नळीचे वीतभर तुकडे तारेला खांबापासून दूर धरायला उत्तम.

भाजी चिरायचा पांढरा बोर्ड?

जोडणीच्या तुकड्यासाठी फार छान. तो बहुधा पॉलिथिनचा असतो, सहज कापला जातो, भोकं पाडताना तडकत नाही. उघड्या उन्हात मात्र काळ्या पॉलिथिनइतका टिकणार नाही. म्हणून तो डबीच्या आत बसवा. उन्हापासूनही वाचतो आणि पाण्यापासूनही. एका बोर्डातून डझनभर तुकडे निघतात.

ॲक्रिलिक बरं की पॉलिकार्बोनेट?

दोन्ही पाट्या करणाऱ्यांकडे आणि शेड बांधणाऱ्यांकडे तुकड्यांत मिळतात, बहुतेक वेळा कवडीमोलाने.

ॲक्रिलिक उन्हाला कमालीचं सोसतं. रस्त्यावरच्या दुकानांच्या जुन्या पाट्या बघा, अक्षरं उडालेली असतात पण ॲक्रिलिक स्वच्छ असतं. फक्त ते ठिसूळ आहे. भोक पाडताना खाली लाकूड ठेवा, ड्रिल हळू फिरवा, साबणाचं पाणी टाका, आणि भोक बोल्टपेक्षा मिलिमीटरभर मोठं ठेवा. घट्ट बसणारा बोल्ट पहिल्या थंडीतच त्याला तडा पाडतो. थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका, कापलेल्या कडांवर बारीक जाळीसारख्या भेगा उठतात. साधं साबणपाणी पुरे.

पॉलिकार्बोनेट हातोडीने फुटत नाही, पण उन्हात पिवळं पडतं. छपराच्या शीटवर एका बाजूला किरणं अडवणारा थर दिलेला असतो, आणि त्या बाजूवर चिकटवलेल्या कागदावर तसं लिहिलेलं असतं. तो कागद काढण्याआधी पेनने खूण करून ठेवा, नंतर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. ती बाजू आकाशाकडे.

वाऱ्याच्या जागी, उदाहरणार्थ चाळकेवाडीच्या पठाराकडे जिथे पवनचक्क्या उभ्या आहेत, मी पॉलिकार्बोनेट घेईन. गावात घराच्या आडोशाला ॲक्रिलिक.

केबल टाय दर वर्षी तुटतात. काय करू?

पांढरे टाय बाहेर वापरू नका. ते साध्या नायलॉनचे असतात, उन्हात एकदोन उन्हाळ्यांत कडक होतात आणि टचकन तुटतात. काळे घ्या, आणि पाकिटावर उन्हासाठीचे असल्याचं लिहिलं आहे का ते पाहा, कारण नुसता काळा रंग दिलेले स्वस्त टायही बाजारात असतात. महत्त्वाच्या जागी टायवर भरवसाच ठेवू नका. स्टीलची क्लिप किंवा आवरण असलेली जाड तांब्याची तार दोन वेढे देऊन पिळा. खांबावरून उतरणाऱ्या वायरला टाय चालतात.

आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी! आपल्याकडे काहीही बांधायचं म्हटलं की ट्यूब कापतात. वायर खांबाला बांधायला ठीक आहे, पण जोडणीजवळ किंवा कांडीच्या टोकाशी ती कधीही गुंडाळू नका. त्या रबरात काजळीचं प्रमाण खूप जास्त असतं, सिग्नल तिथे मुरतो.

नायलॉन, डेल्रिन, टेफ्लॉन, हायलम यातलं काय?

मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत ओळखीचा टर्नर असेल तर त्याच्याकडे या सगळ्यांचे तुकडे पडलेले असतात, म्हणून हा प्रश्न येतो.

नायलॉन मजबूत, पण पाणी पितं. पाण्यात बुडवून ठेवलं तर आपल्या वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी शोषतं. पावसाळ्यात त्याचा आकारही बदलतो आणि गुणही. खांबाजवळच्या क्लॅम्पला चालेल, जोडणीला नको. डेल्रिन पाणी कमी पितं, पण पांढरं डेल्रिन उन्हात पूड होतं. मिळालं तर काळं घ्या. टेफ्लॉन सगळ्यांत उत्तम आणि सगळ्यांत महाग, मऊही. टीव्हीच्या ॲन्टेनाला त्याची गरज नाही, फुकट मिळालं तर नाही म्हणू नका. हायलमची तपकिरी शीट कागद आणि फिनॉलची असते, कापलेल्या कडेतून ओल ओढते. कोरड्या जागी, घराच्या आत ठीक.

थ्रीडी प्रिंट केलेले तुकडे चालतील का? मुलगा कॉलेजमधून करून आणतो.

त्याला विचारा की कशाचे केले. पीएलए असेल तर नको, ते ६० अंशांच्या आसपासच मऊ होतं आणि आपल्या उन्हाळ्यात गच्चीवर लोंबायला लागतं. पीईटीजी बरं, पण पत्र्यावर त्यालाही मर्यादा येते. बाहेरच्या कामासाठी खरं साहित्य एएसए. ते एबीएसचंच भावंड, पण एबीएसमध्ये जे रबर उन्हाने खराब होतं त्याच्या जागी यात ऊन सोसणारं रबर असतं. आणि मुलाला एवढं सांगा की भरीव करायला कंजूषी नको. पोकळ तुकड्यात पाणी शिरलं की बाहेर निघत नाही.

भंगारात मिळालेला तुकडा कशाचा आहे हे कसं ओळखायचं?

बादलीभर पाणी घ्या. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पीव्हीसी, ॲक्रिलिक, नायलॉन, पॉलिकार्बोनेट बुडतात. एबीएस बुडतं, पण संथपणे, आणि पाण्यात मीठ वाढवत गेलात की वर येतं. वस्तूवर त्रिकोणात आकडा असेल तर काम अजून सोपं: २ म्हणजे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन.

पीव्हीसीची पक्की खूण हवी असेल तर तांब्याची तार पक्कडीत धरून लाल करा, प्लास्टिकला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत आली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. हे अंगणातच करा, वाऱ्याकडे पाठ करून, कणभर तुकड्यावर. तो धूर घशाला आणि फुप्फुसाला वाईट असतो, मुलं जवळ नकोत.

तरंगणारा तुकडा पांढरा किंवा पारदर्शक असेल तर तो उन्हात टिकणार नाही असंच धरून चाला. काळा असेल तर ठेवा.

मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक तापवून पाहतात, ते खरं का?

खरं आहे, आणि उपयोगीही. शेजारी कपभर पाणी ठेवून तुकडा अर्धा मिनिट आत ठेवतात. तुकडा गार राहिला तर तो लहरी खात नाही. तापला तर खातो. विशेषतः अनोळखी काळ्या प्लास्टिकसाठी ही चाचणी चांगली, कारण काळ्यात काय भरलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. मात्र ओव्हनची वारंवारिता २४५० मेगाहर्ट्झ आणि टीव्हीचा यूएचएफ पट्टा ४७० पासून पुढे, म्हणून हा अंदाज समजा. तुकड्यात स्क्रू किंवा धातू अजिबात नको. पीव्हीसी आत घालू नका, तो काय आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे, आणि घरच्या जेवणाच्या ओव्हनमध्ये त्याची वाफ कशाला?

प्लास्टिकला रंग लावला तर जास्त टिकतं का?

हो, बरंच जास्त. घराच्या बाहेरच्या भिंतीला लावतात तो पाण्यातला ॲक्रिलिक रंग घ्या, पांढरा किंवा फिका राखाडी. आधी पॉलिश पेपरने चकाकी घालवा, साबणपाण्याने धुवा, वाळवा, मग दोन हात. तेलातला रंग पीव्हीसीवर नीट धरत नाही आणि सीपीव्हीसीला तर तो वर्ज्यच. चंदेरी ॲल्युमिनिअम पेंट ॲन्टेनाच्या प्लास्टिकला कधीच नको, त्यात धातूची पूड असते. चकचकीत दिसतो म्हणून माझ्याच एका नातेवाइकाने तो जोडणीच्या डबीला फासला होता. डबी खरवडून काढेपर्यंत सिग्नल जागेवर आला नाही.

जोड कशाने बंद करायचे?

सिलिकॉनने, पण ट्यूबवर न्यूट्रल लिहिलेल्या. व्हिनेगरसारखा वास येतो तो स्वस्त सिलिकॉन तांब्याला खातो. काही महिन्यांनी जोडणी हिरवी झालेली दिसते आणि लोक पावसाला नावं ठेवतात. एम-सील पीव्हीसीवर ठीक बसतं, पॉलिथिनवरून सुटून येतं.

जोडणीची डबी चारही बाजूंनी बंद करू नका. वरून आणि बाजूंनी बंद, खालून एक छिद्र. डिशची वायर डबीत खालून शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला एक लोंबता वेढा द्या, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत डबीत न जाता वेढ्याच्या तळाशी टपकतं. ॲल्युमिनिअमवर तांब्याची तार थेट दाबू नका, मधे स्टीलचा वॉशर घाला.

खांबही पीव्हीसीचाच केला तर वीज पडायची भीती नाही ना?

हा गैरसमज धोक्याचा आहे. वीज उंच वस्तू शोधते, प्लास्टिक आहे म्हणून सोडून देत नाही. त्यात पीव्हीसीचा उंच खांब वाऱ्यात डुलतो आणि ॲन्टेना शेजारच्या विजेच्या तारांवर पडू शकतो. खांब जीआय पाईपचाच घ्या, त्याला जाड तारेने जमिनीत अर्थिंग द्या, आणि तो मोडून पडला तरी विजेच्या लाइनपर्यंत पोहोचणार नाही इतका दूर उभा करा. एप्रिल-मे मधल्या वळवात गडगडाट सुरू व्हायच्या आधीच वायर टीव्हीमधून काढून बाहेर ठेवा. गडगडाट चालू असताना गच्चीवर जाऊ नका, ॲन्टेना हलला असला तरी.

एकदा बांधल्यावर परत कधी पाहायचं?

वर्षातून एकदा, मृग लागायच्या आधी, कोरड्या सकाळी. प्लास्टिकवर बोट फिरवा. बोटाला पांढरी पूड लागली तर रंगाचा एक हात द्यायची वेळ झाली. नखाने दाबून पाहा, कड टवका होऊन निघाली तर तुकडा बदला, पावसाळा काढेल अशी आशा धरू नका. प्रत्येक टाय बोटाने वाकवा, तुटायचा तो तिथेच तुटू दे. एचडीपीईतले बोल्ट अर्धा फेरा आवळा. डबी उघडून तांबं हिरवं झालं आहे का पाहा, आणि खालचं छिद्र काडीने मोकळं करा, कारण कुंभारीण माशीला मातीचं घर करायला नेमकी तीच जागा आवडते.